मैदानाच्या कडेची थंडी

हिंवाळा हा मुलांच्या खेळांचा ऋतु होय, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पावसाळ्यांत आमच्याकडील काळी माती पायांस चिकटते, उन्हाळ्यांत तीच भेगा पडून तापते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे तीन महिने मात्र मैदान सर्वस्वी मुलांच्या स्वाधीन होतें. शाळांचे क्रीडासप्ताह, स्नेहसंमेलनाअगोदरचे सामने, सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तयारी, हें सर्व याच दिवसांत आणि बहुधा सकाळच्या प्रहरीं चालतें. कबड्डीच्या रेषा फक्कीनें आंखल्या जातात, खो-खोचे खांब रोवले जातात, आणि सूर्य हातभर वर येतो न येतो तोंच मुलांचा कल्लोळ सुरू होतो.

अशा वेळीं मैदानाच्या कडेस दृष्टि टाकावी, तों शिक्षक असतात, दुसऱ्या वर्गांतील मुलें असतात, एखादा चहावाला असतो. ज्यांचीं मुलें खेळत असतात त्या घरांतील वडीलधारीं माणसें मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच. आजी-आजोबा तर जवळजवळ नाहींतच. कारण विचारलें असतां उत्तर ठरलेलें असतें: "सकाळची थंडी सोसत नाहीं." हें उत्तर खोटें नव्हे, पण अपुरें आहे. थंडी सोसत नाहीं याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो कीं, उघड्यावर दोन तास बसून राहण्यास योग्य असा पोशाख घरांत कोणीं विचारपूर्वक जमविलेला नसतो. मुलांच्या गणवेषाची आणि बुटांची चिंता सर्वजण करितात. पाहणाराच्या वस्त्रांचा विचार कोणाच्या मनांतही येत नाहीं. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्याकडील थंडीचा स्वभाव

घनसावंगी हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तें जालन्याच्या दक्षिणेस आणि गोदावरीच्या उत्तरेस वसलेलें आहे. १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म ज्या जांब गांवीं झाला, तें याच तालुक्यांत. बलोपासनेचा एवढा मोठा पुरस्कर्ता ज्या भूमींत जन्मला, तेथील मुलांचे खेळ पाहण्यास घरच्यांनीं जावें, हें निराळें सांगावयास नको. समुद्र येथून दूर असल्यामुळें हिंवाळ्यांत हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतें. ढगांचें पांघरूण नसलें म्हणजे दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता रात्रभर मोकळ्या आकाशांत टाकीत राहते. म्हणून सर्वांत कडक थंडी मध्यरात्रीं न पडतां सूर्योदयाच्या सुमारास पडते. डिसेंबर-जानेवारींत पहाटेचें उष्णमान साधारणतः १० ते १२ अंश सेल्सिअस असतें, आणि उत्तरेकडून शीतलहर आली म्हणजे तें याहून बरेंच खालीं उतरतें. शेजारच्या परभणीचें नांव तर नीचांकी उष्णमानाच्या बातम्यांत वारंवार वाचावयास मिळतें. गंमत अशी कीं, त्याच दिवशीं दुपारीं पारा २८-३० अंशांपर्यंत चढलेला असतो.

म्हणजे सकाळीं सात वाजतां मैदानावर गेलेला मनुष्य अकरा वाजतां घरीं परतेपर्यंत जणूं दोन ऋतूंतून प्रवास करितो. यावरून पहिला नियम निघतो तो असा कीं, एकच जाडजूड वस्त्र घेण्यापेक्षां तीन पातळ वस्त्रें घ्यावींत; एकेक चढवितां यावें आणि एकेक उतरवितां यावें. हा नियम आमच्या कल्पनेंतील नाहीं. १९२४ सालीं एव्हरेस्टच्या चढाईंत नाहींसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचा देह १ मे १९९९ रोजीं पर्वतावर सांपडला, तेव्हां त्यांच्या अंगावर रेशीम, सूत व लोंकर यांचीं एकावर एक घातलेलीं पातळ वस्त्रें आणि वर वारा अडविणारें गॅबर्डिनचें कापड आढळलें. तसाच पोशाख पुन्हा तयार करून २००६ सालीं एव्हरेस्टच्या परिसरांत वापरून पाहण्यांत आला, तेव्हां तो हलका, हालचालीस सोयीचा आणि चांगला उबदार असल्याचें दिसून आलें. हिमालयाच्या शिखराजवळ जें उपयोगी पडलें, तें आमच्या मैदानावर उपयोगी पडण्यास हरकत नसावी.

खेळणारा आणि पाहणारा

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. खेळणाराची थंडी निराळी आणि पाहणाराची निराळी. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याचें शरीर सुमारें १०० वॅट उष्णता निर्माण करितें, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका विजेच्या दिव्याइतकी. तोच मनुष्य धांवूं लागला म्हणजे ही उष्णता कित्येक पटींनीं वाढते. त्यामुळें खो-खो खेळणाऱ्या मुलीस अर्ध्या बाहीच्या सदऱ्यांत घाम फुटतो आणि त्याच वेळीं, त्याच हवेंत, कडेस बसलेली तिची आजी कुडकुडत असते. दोघींपैकीं कोणाचेंच खोटें नाहीं. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें दोन अनर्थ होतात. आजी स्वतःच्या थंडीवरून नातीस स्वेटर घालून खेळावयास लावते, आणि नातीचा उत्साह पाहून घरांतील तरुण मंडळी आजीस म्हणतात, "चला, एवढी कांहीं थंडी नाहीं."

शास्त्रज्ञांनींही वस्त्राची ऊब मोजतांना बसलेल्या माणसासच प्रमाण मानलें आहे. १९४१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं 'क्लो' नांवाचें एक माप ठरविलें. २१ अंशांच्या शांत हवेंत स्वस्थ बसलेल्या मनुष्यास जेवढ्या कपड्यांत सुखावह वाटतें, तेवढ्यांची ऊब म्हणजे एक क्लो. हवा जसजशी थंड, तसतशी बसणारास या मापाची अधिकाधिक गरज. आणि हालचाल जसजशी अधिक, तसतशी ती कमी. आपल्या पूर्वजांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहाव्या अध्यायांत ऋतुचर्या सांगितली आहे. तेथें हेमंतांत शरीरांतील अग्नि प्रबळ असतो असें म्हणून, जड व उष्ण वस्त्रें वापरावींत आणि लोंकर, अजिन, रेशीम यांचीं आस्तरणें घ्यावींत असा उपदेश केला आहे. आस्तरणाचा हा उल्लेख आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण वरून पांघरणें सर्वांस सुचतें, खालीं अंथरणें फारसें कोणास सुचत नाहीं. त्याविषयीं पुढें सांगूं.

ऊब कशांत असते?

वस्त्र स्वतः उष्णता देत नाहीं. शरीराची उष्णता तें बाहेर जाऊं देत नाहीं, आणि हें काम सुद्धां मुख्यत्वेंकरून धाग्यांमध्यें कोंडलेली स्थिर हवा करिते. नॉर्वे देशांत १९३३ सालीं हेन्रिक ब्रुन नांवाच्या सैनिकी अधिकाऱ्यानें मासे धरण्याच्या जाळ्यांपासून एक बंडी तयार केली. नुसती घातली तर ती भोंकांची असल्यामुळें निरुपयोगी. पण तिजवर दुसरें वस्त्र चढविलें कीं प्रत्येक भोंकांत हवा अडकून राही आणि अंग उबदार होई. घट्ट स्वेटरावर घट्ट कोट चढवून हवेस जागाच न ठेविल्यास वजन वाढतें, ऊब वाढत नाहीं, हें यावरून सहज समजेल.

हवेचा शत्रु पाणी. हवेच्या मानानें पाण्यांतून उष्णता वीस पटींहून अधिक वेगानें निघून जाते. म्हणून घामानें वा दंवानें भिजलेलें वस्त्र अंगावर असण्यापेक्षां नसलेलें बरें. सूत पाणी पिऊन तें धरून ठेवितें. लोंकरीचा गुण असा कीं, आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही ती हातास चटकन ओली लागत नाहीं, आणि कांहीं ऊब राखून असते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर यांचा धागा ओलावा फारसा शोषीतच नाहीं. तो लवकर वाळतो, धुण्यास सोपा आणि स्वस्त असतो. त्यास नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. मात्र तो लोंकर म्हणून विकला जाऊं नये आणि आपणही तसा घेऊं नये.

हिंवाळ्यांत महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांतून तिबेटी विक्रेत्यांचीं स्वेटरांचीं दुकानें लागतात, आणि आठवड्याच्या बाजारांतही लुधियानाचा माल येतो. त्यांतील पुष्कळसा ॲक्रिलिकचा असतो. कापडावरील चिठ्ठी आधीं वाचावी. शंका राहिल्यास शिवणींतील एक सुटा धागा काढून, चिमट्यांत धरून, घरीं मोठ्या माणसानें जाळून पाहावा. लोंकर जळतांना केंस जळाल्यासारखी वास येते आणि राख बोटांनीं चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गुठळी होते. स्वेटर घरीं विणावयाचा असल्यास प्रौढ मनुष्यास सुमारें ४०० ते ५०० ग्रॅम लोंकर लागते. ज्या घरांत विणणारे हात अद्याप आहेत, त्या घरांस आम्ही भाग्यवान समजतों.

तीन थरांचा पोशाख

पहिला थर अंगालगतचा. तो मऊ, अंगाबरोबर बसणारा आणि कोरडा असावा. बाजारांत ज्यास 'थर्मल' म्हणतात ती पूर्ण बाहीची बंडी यासाठीं उत्तम. ती न मिळाल्यास पूर्ण बाहीची सुती बनियनही चालेल, कारण पाहणारास फारसा घाम येत नाहीं.

दुसरा थर उबेचा. स्वेटर, जाकीट किंवा फ्लीसचें वस्त्र यांपैकीं कोणतेंही असावें, पण पुढून उघडणारें असावें. डोक्यावरून काढावा लागणारा स्वेटर मैदानावर चारचौघांत काढतांना वृद्धांची कुचंबणा होते, आणि मग ते उकडत असूनही तसेच बसून राहतात.

तिसरा थर वारा अडविणारा. याबाबतींत आमच्या प्रांतांतील घोंगडीइतकें भरंवशाचें वस्त्र आम्हीं पाहिलें नाहीं. दख्खनी मेंढ्यांची राठ लोंकर कातून, खड्ड्याच्या मागावर विणून, चिंचोक्यांची खळ देऊन धनगर समाजानें ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेविली आहे. घोंगडी अंगास टोंचते हें खरें. म्हणूनच ती आंत न घेतां सर्वांत वर घ्यावी. तिच्यावर पडलेलें दंव वरच्यावर राहतें, आणि उठतांना झटकलें म्हणजे झालें. तीच अर्धी अंथरतां आणि अर्धी पांघरतां येते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, हिमरू शाल रेशीम व सुताची असल्यामुळें दिसावयास फार सुंदर. ती लग्नसमारंभास शोभते. मैदानावरच्या वाऱ्याशीं मात्र घोंगडीच सामना देऊं जाणे.

येथें आणखी एका भांडाराकडे वाचकांचें लक्ष वेधतों. सुशिक्षित घरांतून असें कपाट क्वचितच असेल कीं ज्यांत सत्काराच्या शालींची चळत नाहीं. शाल आणि श्रीफळ मिळतें. श्रीफळाची त्याच आठवड्यांत चटणी होते, शाल मात्र प्लास्टिकच्या पिशवींत घडी करून ठेविली जाते आणि पुढें दुसऱ्याच्या सत्कारास जाते. आम्ही शिक्षकी पेशांतले असल्यामुळें आमच्याकडे तर ही संपत्ति वाजवीपेक्षां अधिक. या शाली एकेकट्या पातळ असतात, परंतु दोन एकत्र करून कडेनें टांके घातल्यास त्यांच्यामध्यें हवेचा थर राहतो आणि एक उत्तम मधला थर तयार होतो. सन्मान अंगास लागणें म्हणजे काय, याचा अनुभव त्यायोगें तरी येईल.

स्त्रियांच्या पोशाखासंबंधीं

साडी नेसणाऱ्या स्त्रियांस वाऱ्याचा त्रास खालून आणि पाठीकडून अधिक होतो, ही गोष्ट पुरुषांच्या ध्यानांत येत नाहीं. पोलक्याखालीं थर्मलची बंडी, साडीखालीं लोंकरी किंवा होजियरीची लांब विजार, आणि पदर व्यवस्थित घेऊन वर पुढून उघडणारा पूर्ण बाहीचा स्वेटर, एवढें केल्यास शालीवरचा सगळा भार कमी होतो. शाल नुसती खांद्यांवर टाकिली तर हात बाहेर काढतांच ती घसरते. मग टाळ्या वाजविण्याच्या ऐन वेळीं एक हात शाल धरण्यांत गुंततो. ती पाठीवरून घेऊन, दोन्ही टोकें पुढें आणून, एक मोठी टांचणी लावावी. संक्रांतीस काळी चंद्रकळा नेसण्याची जी रीत आहे, तींत शहाणपण आहेच. काळा रंग ऊन शोषून घेतो. परंतु ऊन अंगावर आल्यानंतरच तो गुण प्रगट होतो, पहाटेच्या अंधारांत काळें आणि पांढरें सारखेंच.

बैठक, पाय आणि डोकें

थंडी केवळ वाऱ्यानें येते असा समज आहे. वास्तविक बसणाराची पुष्कळशी उष्णता खालची जमीन ओढून घेते. दगडी पायरी, लोखंडी बांक, दंवानें ओलावलेली माती, हीं सर्व रात्रभर थंड झालेलीं असतात. त्यांवर नुसतें बसणें म्हणजे आपली ऊब त्यांस दान करणें होय. घोंगडीची चौपदरी घडी, जुनी गोधडी, किंवा कांहींच नसल्यास वर्तमानपत्रांची जाड घडी खालीं घ्यावी. प्लास्टिकच्या खुर्चींतही पाठीकडून व खालून वारा शिरतो, म्हणून तेथेंही घडी हवीच. जालन्याकडील हा सर्व कापसाचा मुलूख. वापरून जीर्ण झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी नसलेलें घर येथें विरळा. ती कोरडी असेपर्यंत उत्तम काम देते, म्हणून खालीं पोतें घालून तिजवर गोधडी टाकावी.

पायांत चपला आणि त्यांत उघडीं बोटें, हा आपल्याकडील थंडीचा मोठा दरवाजा आहे. बूट घालण्याची संवय नसल्यास अंगठा निराळा असलेले मोजे मिळतात, ते चपलेंत सहज बसतात. बुटांत दोन जाड मोजे कोंबूं नयेत. पाय आवळला गेला म्हणजे रक्ताचें अभिसरण मंदावतें, बोटांभोंवतींची हवा नाहींशी होते, आणि पाय अधिकच गारठतात.

डोक्यांतून शरीराची अर्धी उष्णता निघून जाते, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. त्यांत तथ्य नाहीं. प्रौढाच्या डोक्यांतून जाणारी उष्णता त्याच्या आकाराच्या मानानेंच, म्हणजे सुमारें दहाव्या हिश्शाइतकी असते. तरी कान, कपाळ आणि मान यांस थंडी लवकर जाणवते आणि कानांत वारा शिरला म्हणजे मनुष्य बेचैन होतो. कानटोपी, मफलर, किंवा डोक्यावरून कानांवर घेतलेलें उपरणें, यांपैकीं जें ज्यास रुचेल तें त्यानें घ्यावें. कानटोपी घातल्यास आपण म्हातारे दिसूं, या भीतीनें ती न घालणारे गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटतात. न घातल्यामुळें ते तरुण दिसतात असें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

एक सूचना वाटेविषयीं. खेड्यांतून तालुक्याच्या मैदानावर पुष्कळ मंडळी दुचाकीवर मागें बसून येतात. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्या दुचाकीवर, शांत पहाटेंतही, तेवढाच वारा अंगावर आदळतो. मैदानावर पोंचण्यापूर्वींच मनुष्य गोठून जातो आणि दोष मैदानास देतो. छातीवर, स्वेटराच्या आंत, वर्तमानपत्राची एक घडी ठेवावी. हा उपाय फुकटचा आहे आणि वारा अडविण्यांत फार परिणामकारक आहे.

प्रकृतीचा विचार

वृद्धांच्या बाबतींत थंडीचा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाहीं. थंडीनें त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्यांनीं म्हणूनच पहाटेच्या पहिल्या सामन्यास न जातां ऊन पडल्यावर, आठ-साडेआठाच्या सुमारास जावें. दमेकऱ्यांस कोरडी थंड हवा श्वासाबरोबर आंत गेली म्हणजे खोकल्याची उबळ येते. नाकातोंडावरून पदर किंवा उपरणें सैलसर घेतल्यास श्वासाची हवा जरा उबदार व ओलसर होऊन आंत जाते. आपलें नेहमींचें औषध खिशांत ठेवावें. मधुमेह्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदां कमी झालेली असते. त्यांनीं पाय शेकोटीजवळ नेऊं नयेत, गरम पाण्याची पिशवीही लावूं नये. भाजल्याचें कळतच नाहीं. शिवाय उतारवयांत थंडीची जाणीवच मंद होते. म्हणून घरांतील तरुणांनीं "थंडी वाजते का?" असें विचारून थांबूं नये, हातास हात लावून पाहावा. आणि एका जागीं बसून न राहतां दर अर्ध्या तासानें मैदानाच्या कडेनें चार पावलें चालावींत. सर्वांत स्वस्त ऊब ती हीच.

शेकोटीविषयीं विशेष सावधगिरी हवी. मैदानाच्या कोपऱ्यांत पाचट व काटक्या पेटवून मंडळी भोंवतीं जमतात. कृत्रिम धाग्याची साडी, शाल किंवा जाकीट ठिणगीनें पेट घेतें, वितळतें आणि अंगास चिकटतें. लोंकर सहसा भडकत नाहीं. नायलॉनचा पदर वाऱ्यावर सोडून शेकोटीपुढें वांकणें, याहून मोठें धाडस आम्हांस ठाऊक नाहीं.

मुलांस काय घालावें

मुलांच्या बाबतींत नियम उलट आहे. खेळ सुरू होईपर्यंत त्यांस स्वेटर असावा, खेळतांना तो काढावा, आणि खेळ थांबतांच, दम ओसरण्याची वाट न पाहतां, पुन्हा घालावा. एक लिटर घाम वाळतांना शरीरांतून सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. खेळ चालू असतां ही गोष्ट हितकर, खेळ थांबल्यावर तीच अहितकर. पिशवींत एक कोरडी बनियन अवश्य असावी. मफलर बांधून कोणासही खेळूं देऊं नये. कबड्डींत किंवा पाठलागांत तो ओढला गेल्यास गळ्यास फांस बसण्याचें भय असतें. न्याहारीस बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि गूळ-तूप द्यावें. भोगीच्या दिवशीं आपण हेंच खातों. तें एका दिवसापुरतेंच कां ठेवावें, हें आम्हांस कळत नाहीं.

हें सर्व कशासाठीं?

कोणी म्हणेल, दोन तासांच्या खेळासाठीं एवढा खटाटोप कशास? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत एक आजी आहेत, वय सत्तरीपलीकडचें. त्यांची नात तीन वर्षें शाळेच्या खो-खो संघांत खेळत होती, आणि आजींनीं तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. चवथ्या वर्षीं सुनेनें थर्मलची बंडी, लांब विजार, मोजे आणि घोंगडी अशी तयारी केली, व साडेआठ वाजतां त्यांस मैदानावर नेऊन बसविलें. खेळांतलें आजींस कांहीं कळलें नाहीं. खांब कशासाठीं आणि शिटी कशासाठीं, हें त्या शेजारच्या मुलीस विचारीत होत्या. पण नात बाद झाली तेव्हां ती तडक त्यांच्याजवळ येऊन घोंगडीच्या अर्ध्या भागांत शिरली, आणि दोघी मिळून उरलेला डाव पाहत बसल्या. पूर्वीं बाद झाली म्हणजे ती कोठें जाऊन बसे, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

मुलींच्या खेळाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलावी, असें आतां केवळ तत्त्व म्हणून सांगण्याचें कारण उरलेलें नाहीं. ज्या खो-खोचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधून दिले, त्याच खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झाली आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनीं ती जिंकली. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघेंही महाराष्ट्राचीं. अशा खेळाडूंचा आरंभ कोठल्या तरी लहान मैदानावर, कोणाच्या तरी देखत झालेला असतो. आपल्या घरांतील मूल विश्वचषकास जाईल कीं नाहीं, हा प्रश्न गौण. त्याच्या डावाकडे आपलें कोणी तरी पाहत आहे, एवढें त्यास पुरतें.

आतां शेवटची एक गोष्ट. हिंवाळा हाच ऊंसतोडणीचा हंगाम. मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें या दिवसांत कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यांत जातात आणि कित्येक मुलें हंगामी वसतिगृहांत, आजीपाशीं किंवा नातलगांपाशीं मागें राहतात. आपल्या मुलाबरोबर जें मूल धांवत असतें, त्याचे आईबाप त्या वेळीं दूरच्या कोणत्या तरी फडांत, याच दंवांत, मोळ्या बांधीत असतात. त्याच्यासाठीं मैदानाच्या कडेस कोणीही आलेलें नसतें, आणि खेळ संपल्यावर अंगावर टाकण्यास त्याच्यापाशीं स्वेटर असेलच असें नाहीं. म्हणून आमची आमच्या वाचक कुटुंबांस विनंती आहे कीं, मैदानावर जातांना लागतील त्यापेक्षां एक शाल अधिक न्यावी. ती कोणास दिली याचा गवगवा करूं नये, आणि सायंकाळीं परतही मागूं नये. मूल धांवून आलें कीं ती त्याच्या खांद्यांवर टाकावी आणि त्याच्या डावाविषयीं दोन शब्द विचारावे. ऊब कापडांत थोडी आणि त्या दोन शब्दांत थोडी असते.

पौष उजाडण्यापूर्वीं कपाटें उघडावींत, घोंगड्यांस ऊन द्यावें, शालींस टांके घालावेत आणि मुलांस त्यांच्या सामन्यांचे दिवस विचारून ठेवावेत.